कुरडया कोण घालणार?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. सांगलीतल्या आमच्या घराचं परडं, मधोमध आप्पांनी लावलेला कडुलिंब, आणि बुंध्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ताणून धरलेली मोजपट्टी. खाली एकच ओळ: 'झाड काढलं तर दुसरी गाडी बसते.' झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते, हे मी लगेच लिहिलं. 'ती काढू,' असं त्याचं उत्तरही लगेच आलं.

मग नेहमीसारखं सगळं घसरत गेलं. झाडावरून विषय एसीवर आला, कारण दादाला तिन्ही खोल्यांत एसी बसवायचे आहेत. पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं एक रील टाकलं. पांढरीशुभ्र साडी नेसलेली बाई, मातीचा माठ, केळीचं पान, पाठीमागे बासरी, आणि गच्चीवर एका रांगेत वाळणारे पापड, त्यातला एकसुद्धा वेडावाकडा नाही. मलाही राहवलं नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहरात बसून मी लांबलचक मेसेज लिहिला: वाळा, माठ, घरच्या कुरडया, एसीविना थंड राहणारी घरं, आपण काय काय घालवून बसलो वगैरे. माझी वहिनी ग्रुपवर कधी लिहीत नाही. त्या रात्री भांडीकुंडी आवरून झाल्यावर तिनं लिहिलं, 'ताई, सगळं पटलं. मग मे महिन्यात याच. चीक घाटायला एक माणूस कमी पडतंय.'

माझी अशी जिरवल्याला आता महिना झाला. या महिन्यात मी जो विचार केला तो इथं मांडते.

आधी माझी बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाही. कार्ल्सरुहे गार असेल असं सांगलीत सगळ्यांना वाटतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये इथं ४०.२ अंशांची नोंद झाली होती, म्हणजे आपल्याकडचा मे महिनाच. मी राहते त्या इमारतीत एकाही घरात एसी नाही. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात मी सवयीप्रमाणे भर दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, वारं यावं म्हणून. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई बेल वाजवून वर आल्या आणि रागावल्याच, उन्हाला घरात कशाला बोलावतेस म्हणून. मग त्यांनी शिकवलं. सकाळी आठच्या आत खिडक्या बंद करायच्या आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या पट्ट्यांचे पडदे, त्यांना इथं रोलाडेन म्हणतात, खाली सोडायचे. रात्री बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर धुऊन काढल्यासारखं वारं खेळवायचं. पडदा काचेच्या बाहेर हवा, हे महत्त्वाचं. ऊन एकदा काचेतून आत आलं की आतल्या पडद्याला त्याला परत घालवता येत नाही.

हे ऐकताना मला आमची आजी आठवली. दुपारी बाराच्या आत सोप्याची दारं लोटून घ्यायची, खिडकीवर बाहेरून ओलं पोतं सोडायची, उन्हं कलली की अंगणात सडा टाकायचा आणि मगच दारं उघडायची. म्हणजे आजीचं शास्त्र मी जवळजवळ सात हजार किलोमीटरवर, एका जर्मन बाईकडून, तिच्या शिव्या खाऊन शिकले. आमचं कौलारू घर पाडून आप्पांनी १९९४ साली स्लॅबचं बांधलं. पश्चिमेला मोठाल्या सरकत्या काचा, वर वीतभर छज्जा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडत राहतो. त्या काचांवर दुपारी तीननंतर सावली धरणारं एकच काही आहे, तो कडुलिंब. दादा तोच तोडणार आणि मग खोली थंड करायला एसी आणणार. मला हसावं की रडावं कळेना.

एवढं सगळं बरोबर असून वहिनीच्या एका ओळीपुढं ते टिकलं नाही. का, ते कळायला मला कुरडया आठवाव्या लागल्या. नीट आठवाव्या लागल्या, रीलमधल्यासारख्या नव्हे.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत घरभर आंबूस वास. मग वाटायचे, पिळून गाळायचे, भांडं हलवायचं नाही, रात्रभर सत्त्व तळाला बसू द्यायचं. पहाटे चार वाजता उठून वरचं पाणी ओतून टाकायचं, आधण ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं आणि चीक ओतून घाटत राहायचं. खरी मेख इथं. हात थांबला की गुठळी झालीच. चीक आळत जातो तसा कालथा दगडातून ओढल्यासारखा जड होतो. दोन बायका आलटून पालटून घाटायच्या, एकीनं पातेलं धरायचं. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर कुरडया घालून संपल्या पाहिजेत. आम्हा पोरांना यातलं काय आठवतं? वाटीत घेतलेला गरम चीक, त्यावर तेलाची धार. अर्धवट वाळलेली कुरडई कावळ्यांची राखण करता करता आम्हीच मटकावायचो. आईच्या खांद्याची कळ कुणाला आठवत नाही, कारण ती आमच्या खांद्यात नव्हती.

तरी तेव्हा गल्लीत पैरा होता. आज आमच्याकडचे पापड, उद्या समोरच्या काकूंचे, परवा शेवया. पाच-सहा लाटणी, एक गप्पांचा फड, आणि कुणाच्या सुनेबद्दल काय बोलायचं ते ती उठून गेल्यावर. चटणीसाठी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या वाळवून डंकावर न्यायच्या तेही दोघी-तिघींनी मिळूनच. आता समोर फ्लॅट झाले, काकू मुलाकडे गेल्या, पलीकडची नोकरी करते, आणि वहिनी स्वतः सकाळी साडेनऊला शाळेत शिकवायला जाते. पैरा गेला. अपेक्षा तेवढी राहिली. दर मेमध्ये आत्या विचारते, 'यंदा कुरडया किती किलोच्या?' दादाला ती कधीच विचारत नाही.

म्हणून इथल्या साध्या राहणीकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते. खालच्या मजल्यावरच्या त्याच आजीबाई मेच्या अखेरीला एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांचं सरबत करतात. कोरड्या सकाळी फुलांचे तुरे तोडायचे, धुवायचे नाहीत, कारण सगळा सुगंध परागांत असतो. साखरेचा पाक, लिंबाच्या चकत्या, दोन-तीन दिवस मुरवायचं, गाळून बाटल्या भरायच्या. चव अप्रतिम. कैरीच्या पन्ह्याच्या तोडीची नाही, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या ते करतात कारण त्यांना हौस आहे. एखाद्या वर्षी गुडघा दुखला तर करत नाहीत, दुकानातली बाटली आणतात, आणि कुणीही त्यांना विचारत नाही, 'यंदा किती लिटर?'

त्यांची हौस टिकवायला भोवती बरीच व्यवस्थाही आहे. रविवारी दुकानं बंद, आणि रविवारच्या विश्रांतीला इथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे. कामाला वर्षाला निदान चार आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते. त्यांच्याकडे गावाबाहेर भाड्याचा बागेचा तुकडा आहे. अशा बागांसाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे: तुकडा चारशे चौरस मीटरपेक्षा मोठा नको, त्यातली झोपडी चोवीस चौरस मीटरपेक्षा मोठी नको, आणि न्यायालयाच्या निकालाप्रमाणे साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावायलाच हव्यात. नुसती हिरवळ लावून खुर्ची टाकली तर समितीवाले बोल लावतात. आणि रोलाडेन तर घराबरोबरच येतं. पट्टा ओढला की झालं, दहा सेकंदांचं काम, त्यासाठी कुणाला पहाटे चारला उठावं लागत नाही. आमच्याकडे साधेपणाची सगळी व्यवस्था म्हणजे आई होती. ती थकली तशी व्यवस्था मोडली, आणि तिच्या जागी आम्ही वहिनीला उभं केलं.

पोहण्याचंही तेच. मी कृष्णेत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आयर्विन पुलाच्या अलीकडे. फी नव्हती, कपड्यांचा नखरा नव्हता, परत येताना भडंगाची पुडी. इथं आम्ही एप्लेझे नावाच्या तळ्यावर जातो. वाळू उपसून झालेल्या खड्ड्यात साठलेलं पाणी, बाकी काही नाही. पण युरोपीय नियमानुसार त्याची तपासणी होते आणि पाणी कसं आहे ते लोकांना सांगावं लागतं. दादाचा मुलगा मात्र फी भरून तलावावर जातो, कारण उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या येतात. फुकटचं सुख नदी स्वच्छ ठेवल्याशिवाय मिळत नाही. त्यावर ग्रुपवर कुणी मोजपट्टी ताणत नाही.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. माझी एक मैत्रीण छताखालच्या पोटमाळ्यावर राहते, जुलैत तिच्याकडे पाय ठेववत नाही. २००३ च्या त्या लाटेत युरोपभर हजारो माणसं गेली, बहुतेक म्हातारी, एकटी राहणारी. त्यामुळे आता इथंही लोक एसी घेऊ लागलेत. हे मी प्रामाणिकपणे ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादानं टाळ्यांचे सहा इमोजी पाठवले.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवंही मला या सगळ्यात आठवत राहिली. जमिनीखाली खोल खणलेल्या त्या पेवांत सांगलीच्या हळदीची साठवण व्हायची, ना वीज ना यंत्र. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. त्यांना दोष देणार कोण? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही इथं मिठाई वाटली. पेव वाचवायला मात्र आमच्यातलं कुणी गेलं नाही. लांबून अभिमान बाळगायला काय जातंय.

तर माझं मत, वहिनीची माफी मागून. एसी बसवा, पण एकाच खोलीत, आणि ती खोली आई आणि वहिनीनं निवडावी. स्लॅबला वरून चुना मारा. पश्चिमेच्या काचांवर बाहेरून बांबूच्या पट्ट्यांचे पडदे सोडा, आतून जाड पडदे लावून उपयोग नाही. माठ ठेवा, कारण सांगलीच्या कोरड्या उन्हात तो खरंच चांगला गारवा देतो आणि भरायला दादालाही जमेल. कुरडया बचत गटाकडून घ्या. घरच्याच हव्यात असा आत्याचा हट्ट असेल तर चीक पुरुषांनी घाटावा. वहिनीनं फक्त गुठळी झाली की नाही ते खुर्चीत बसून सांगावं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकायच्या आधी वहिनीला फोन केला. इथं संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडे साडेनऊ. मागे कुकरची शिट्टी. मी विचारलं, 'वहिनी, तुम्हाला काय हवंय ते सांगा.' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'झाड राहू दे. दुपारी शाळेतून आलं की दहा मिनिटं मी त्याच्याखालीच बसते. गाडी रस्त्यावर लावू दे की, बाकीचे लावतातच. आणि कुरडया मला आवडतात हो, ताई. दोन किलोच्या घालीन. दहा किलोच्या नाही.'

तिचंच वाक्य मी तिला विचारून, जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. आत्यानं काही लिहिलेलं नाही. दादाच्या नावापुढं दोन निळ्या खुणा आल्यात, परवापासून.