'यलो किड'च्या आधी कॉमिक्स नव्हतं?

"कॉमिक्स हा अमेरिकेचा शोध. १८९५ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 'यलो किड' हे झगा घातलेल्या पोराचं पात्र आलं आणि चित्रांतून, बोलण्याच्या फुग्यांतून गोष्ट सांगणं तिथून सुरू झालं." हे विधान सगळीकडे फिरतं. अमेरिकी टपाल खात्यानेही १९९५ मध्ये ही शंभरी धरून तिकिटं काढली होती. तरीही ते चूक आहे.

आधी 'पहिला' हा दावा. जिनिव्हात मुलांची शाळा चालवणाऱ्या रोडॉल्फ टॉपफर यांनी 'मस्यू व्हियू ब्वा' ही चित्रकथा १८२७ मध्ये रेखाटली आणि १८३७ मध्ये छापली. ओळीने चौकटी, खाली त्यांच्याच अक्षरातला मजकूर. त्यांची हस्तलिखितं म्हाताऱ्या जर्मन कवी गटेने पाहिली आणि मनापासून वाखाणली.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ही तर सचित्र गोष्ट, कॉमिक्स कुठे? त्याचं उत्तर टॉपफर स्वतःच देऊन गेले आहेत. मजकूर नसेल तर चित्रं धूसर होतात आणि चित्रं नसतील तर मजकुराला अर्थच उरत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय. १८४५ च्या 'अल्बेर'मधली पानं पाहा. नायक दारोदार पुस्तक विकत हिंडतो, आणि चौकटी अरुंद होत होत शेवटी काही मिलिमीटरच्या उरतात. नजर आपोआप पळायला लागते, आणि त्या फिरतीचा कंटाळा, घाई, चिकाटी सगळं एकदम पोचतं. चौकटीच्या रुंदीने वेळ दाखवणं शब्दांना जमत नाही, एकट्या चित्रालाही नाही. हे कॉमिक्स नसेल तर मग काय आहे?

फुग्यांचं म्हणाल, तर जेम्स गिलरे यांच्या अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांत ते भरपूर आहेत. उलट यलो किड सुरुवातीला फुग्यांतून बोलतच नव्हता. त्याचे शब्द त्याच्या झग्यावर लिहिलेले असत. त्याचे चित्रकार रिचर्ड औटकॉल्ट यांची ती पानं बहुतेक वेळा चौकटींची नव्हतीच, गल्लीतल्या गर्दीचं एकच मोठं चित्र असे. चौकटी आणि फुगे असलेला फोनोग्राफचा प्रसिद्ध प्रसंग ऑक्टोबर १८९६ चा.

पिवळी शाई तपासायला झगा रंगवला, ही दंतकथाही सोडून द्यावी. पिवळा रंग त्याआधीही छापला जात होता.

यलो किडचं श्रेय मोठं आहे, पण वेगळं. एक पात्र पेपर खपवू शकतं, बिस्किटांच्या डब्यांवर झळकू शकतं, हे त्याने दाखवलं.

आणि अमेरिकेचं म्हणाल, तर टॉपफर यांची तीच 'व्हियू ब्वा' १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ओबडाया ओल्डबक' नावाने परवानगीशिवाय छापली गेली. यलो किडच्या त्रेपन्न वर्षं आधी.