टर्बो पेट्रोल घेतली ना राजेहो, आता काजळी जमवा

गाडीले हार घातला, मारोतीपाशी नारळ फोडला, झालं तुमचं काम. बोनेट उघडाची गरजच नाही. डायरेक्ट इंजेक्शन आहे म्हन्ते, पेट्रोल थेट सिलिंडरात जाते, मंग आपन काहून मधात पडाचं?

फक्त एक नेम पाळा. घरून पानठेल्यावर, तिथून जिनिंगवर, जिनिंगवरून पुन्हा पानठेल्यावर, आन दरवेळी इंजिन गरम व्हायच्या आत चाबी फिरवा. असं केलं की ऑइलमदे कच्चं पेट्रोल आन पानी उतरते, मंग ते वाफारे पीसीव्हीच्या (इंजिनातले वाफारे बाहेर काढनाऱ्या) नळीनं इनटेकमदे, म्हन्जे हवा आत जाते त्या रस्त्यात, वापस येते. येऊ द्या. जुन्या एमपीएफआय गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच उडे, त्यामुळं व्हॉल्व्ह रोज धुतल्या जाये. तुमच्या गाडीत इंजेक्टर सिलिंडरात, तिथं प्रेशर 200 बारच्या वर (जुन्यात 3-4 बारवर भागे), पन त्या व्हॉल्व्हले पेट्रोलचा थेंब दिसत नाही. ऑइलची वाफ त्याच्यावर बसते, भाजते, पुन्हा बसते, शेवटी चुलीवरच्या तव्याचं बूड दिसते तसा तो व्हॉल्व्ह होते. टोयोटानं काही इंजिनात दोन्ही जागी इंजेक्टर देल्ले, पन त्यायले उगाच खर्चाची हौस.

ऑइल? कंपनीनं पुस्तकात काहीबाही लिवलं असते, तुमी कापूस विकल्यावर पाहू म्हना, आन भाव पडला तर पुढच्या साली. डबा घेताना एपीआय एसपी (ऑइलचं ग्रेड) वगैरे पाहू नका. टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जोर देल्ला की मिश्रन अवेळी पेट घेते, त्याचा विचार करून 2020 पासून ते ग्रेड आलं म्हन्ते, पन घरी ट्रॅक्टरचं 15डब्ल्यू40 ऑइल उरलं असताना नवा डबा घेनारा मानूस येडाच म्हना लागन.

मंग एक दिवस सकाळी गाडी थरथरन. पिकअप मरन, मिसिंग येईन, मीटरवर पिवळा दिवा लागन. त्या दिव्यावर गजानन महाराजांचं स्टिकर बरोबर बसते. लगेच टाकीत टाकाची क्लीनरची बाटली आना. ते औषध इंजेक्टरच्या तोंडापर्यंत जाते, तिथं कामाचंही आहे, पन इनटेक व्हॉल्व्ह त्याच्या रस्त्यातच पडत नाही. म्हन्जे डोळे आले आन तुमी पायाले मलम लावलं, तरी जाहिरातीत तो मानूस किती खुश दिसते! कोनी सांगन का समृद्धीवर ताणून चालव, सगळं जळून जाते. लांब पल्ल्यानं ऑइलमधलं पानी-पेट्रोल उडते हे खरं आहे, पन व्हॉल्व्हवर बसलेला थर काही टोल भरल्यानं सुटत नाही.

तालुक्याचा मिस्त्री प्लग बदलवन, कॉइल बदलवन, थ्रॉटल बॉडी पुसन, आन “आता पाहा भाऊ, मक्खन!” म्हनून तीन आठवडे फोन उचलनार नाही. मंग नागपूरले. तिथं मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेनाऱ्या नळ्या) खोलून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या प्रेशरनं व्हॉल्व्हवर मारते. कार्बन निघते, धातूले ओरखडा पडत नाही, बरोबर तेवढाच तो कडक. आपल्या घरी पाहुन्यायच्या ताटात अक्रोड कधी पडला नाही आन इथं त्याच्या टरफलाचं बिल! घरून भुईमुगाच्या फोलाचं पोतं नेऊ नका, हसतीन लोकं.

एवढंही जमत नसंन तर इकून टाका. गिऱ्हाईक यायच्या अर्धा घंटा आधी गाडी गरम करून ठेवा, थरथर लपते. आन त्यानं इचारलं का जास्त पळाली नाही ना, तर छातीवर हात ठेवून सांगा, “नाही भाऊ, गावातल्या गावातच चालली.” तो खुश होऊन दोन हजार वाढवून देईन.