मिरजेचा तंबोरा आणि मिरजेचं गाणं

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सांगली-मिरजकरांचे फोन अभिनंदनाच्या मेसेजनी भरून गेले होते. मलाही मनापासून आनंद झाला. पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरणाऱ्या माणसांच्या कामाला गावाच्या नावानिशी कायद्याचं संरक्षण मिळालं, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यानंतर वाद्यं करणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत आणि इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांशी जे बोलणं होत गेलं, त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली, ती आज लिहितोय. मिरजेचं वाद्य टिकायचं असेल तर मिरजेतलं गाणं टिकायला हवं. आणि गाणं टिकायचं असेल तर इथल्या कलावंतांना त्यांच्या कामाचे नीट पैसे मिळायला हवेत.

वाद्याचा आणि गावातल्या गाण्याचा एवढा काय संबंध, असं कुणी विचारेल. त्यासाठी जवारी काढताना, म्हणजे तंबोऱ्याचा गुंजणारा आवाज घासून जुळवताना, एकदा बघायला हवं.

तंबोऱ्याच्या घोडीचा (तारा जिच्यावरून जातात त्या ठोकळ्याचा) माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर घासत, थरथरत जाते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून त्याची नेमकी जागा शोधतात. मी गल्लीत ज्या कारागिराकडे बसलो होतो, त्या चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला होता. आपला तंबोरा घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी आधी पट्टी, म्हणजे ती कोणत्या सुराला सा धरून गाते ते, विचारली. ती म्हणाली, काळी चार (पेटीची चौथी काळी). चाचा म्हणाले, "मग जरा आकार लावा बघू." तिने षड्ज (सा) लावला. त्यांनी कानशीचे दोन हलके हात मारले, फुंकर घातली, तार परत चढवली, छेडली, मान हलवली. पुन्हा एक हात. पुन्हा तिला गायला लावलं. असं बराच वेळ चाललं. मग एका क्षणी खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार छेडली आणि तारेच्या पोटातून गंधार (ग) स्पष्ट ऐकू यायला लागला. तारेवर लावलेला नसलेला गंधार! मुलगी गाताना थांबली आणि हसली.

चाचांना विचारलं, हे मोजता येतं का? ते म्हणाले, "मोजायला काय पट्टी लावणार व्हय? कान पाहिजे. आणि कान घरात बसून तयार होत न्हाई. आम्ही बारकी पोरं होतो तेव्हा वडील उरसाला रात्रभर गाणं ऐकायला बसवायचे. झोप आली तर तिथंच झोपायचं, पण उठून घरी जायचं न्हाई."

त्यांच्या या बोलण्यात मला सगळं सापडलं. जवारी काढणारा हात कारखान्यात शिकेल, कान मात्र मैफलीतच शिकतो.

आपल्या गावाचा इतिहासही हेच सांगतो. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे वाद्यं करायला घेतली, असं मिरजेत सांगतात. हत्यारांची मागणी आटत चालली होती हे खरं, पण त्याच वेळी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गावात गाणंही होतं. पुढे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवू लागले. विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले म्हणून उपचारांसाठी मिरजेला आले आणि बुवांकडे गाणं शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण त्यांनी मिरज आपली मानली. वाद्यदुरुस्तीत खाँसाहेब स्वतः वाकबगार होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात, सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. दफन मात्र मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. पुण्याहून आणि धारवाड-हुबळीकडून येणाऱ्या रेल्वेगाड्या याच जंक्शनवर भेटत. गाणारे उतरत, तंबोरे दाखवत, तक्रारी करत, चार दिवस राहून दुरुस्त करून घेत. कारागीर रागवत असतील, शिकतही असतील. त्या कुरबुरींतूनच हे वाद्य घडलं आहे.

आता आजचं बोलतो.

इथला एक तबलजी माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. दिवसा कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी दोन शिकवण्या, रात्री रियाझ. विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाला त्याच्यासारखी ठेहराव असलेली साथ मी फार कमी ऐकली आहे. त्याला म्हटलं, कार्यक्रम किती होतात रे? म्हणाला, "होतात की दादा. पण मानधन विचारलं की लोकांना वाटतं मी त्यांचा अपमान केला." एका संस्थेने त्याला शाल दिली, नारळ दिला, पाकीट द्यायचं राहून गेलं. त्याने मागितलं नाही. पोस्टरवर त्याचं नावही नव्हतं, नुसतं 'साथसंगत : स्थानिक कलाकार'. हे वाचून मला अजून संताप येतो. ज्याच्या ठेक्यावर दोन तास गाणं उभं राहिलं, त्याला नाव नाही?

काळी चारवाली ती मुलगीही गावातलीच. संगीताची उपांत्य विशारद परीक्षा झाली आहे, आवाज मोकळा आहे, मारवा राग इतक्या धीराने गाते की ऐकताना आपणच हळू श्वास घ्यायला लागतो. तिने घरच्यांशी वर्षभर वाद घालून तंबोरा विकत घेतला. फोनमधल्या तंबोऱ्याच्या ॲपवर भागत होतं ना, असं तिला सगळ्यांनी विचारलं. ती मला म्हणाली, "ॲप सुरात असतं काका, पण मी चुकले तर ते मला काहीच सांगत नाही. तंबोरा सांगतो. माझा सूर बरोबर लागला की तो मोठा होतो." रोजच्या रियाझाला, प्रवासात ॲप जरूर वापरावं, त्यावर माझा राग नाही. पण शास्त्रीय संगीताचा वर्ग चालवणाऱ्यांनी, तोही मिरजेत, एक सुद्धा तंबोरा न ठेवता मुलांना परीक्षेला बसवावं, हे मला अजिबात पटत नाही. वर्गात तंबोरा असला की तो उतरतो, जवारी बिघडते, कुणाला तरी तो गवसणीत घालून गल्लीत न्यावा लागतो, चाचांसमोर बसून गाऊन दाखवावं लागतं. म्हणजे कारागिराला काम मिळतं आणि ऐकायलाही मिळतं.

दर्ग्यातल्या चिंचेखाली उरसाला खाँसाहेबांच्या स्मृतीत संगीतसभा होते. तिथे कलावंत हजेरी लावतात ती सेवा म्हणून, आणि त्याबद्दल मला फक्त आदर आहे. तिथे पैशाचा विषय कुणी काढू नये. नवरात्रातला अंबाबाईचा संगीत महोत्सवही आपल्या गावाचं वैभव आहे. पण वर्षातले हे थोडे दिवस सोडले तर उरलेल्या दिवसांत गावातला गायक गावात कुठे गातो? आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. सेवा करायची की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. आयोजकाने दुसऱ्याच्या वतीने ठरवलं की ती फुकटेगिरी होते. मांडववाल्याला, साउंडवाल्याला, जेवणवाल्याला आपण ॲडव्हान्स देतो आणि तबलजीला मात्र 'आपलाच माणूस आहे' म्हणून गप्प बसवतो.

'स्थानिकांना कोण ऐकायला येतं?' असं मला एका आयोजकांनी विचारलं. मागच्या पावसाळ्यात एका घरगुती बैठकीला आम्ही गेलो होतो. दिवाणखाना भरला आणि लोक जिन्यावर बसले. माईक नव्हता. मल्हार झाला, मधल्या लयीतलं एक पद झालं, आणि शेवटी भैरवीला दारापाशी उभे असलेले शेजारीही आत आले. प्रत्येकाने ठरवलेली रक्कम आधीच दिली होती, त्यामुळे गायिका, तबलजी, पेटीवाले आणि तंबोऱ्यावर बसलेल्या दोन विद्यार्थिनी यांना कार्यक्रम संपताच मानधन हातात मिळालं. विद्यार्थिनींना पहिल्यांदाच. लोक येतात, त्यांना बोलवावं लागतं, आणि कोण गाणार, कोण वाजवणार हे नावासकट सांगावं लागतं.

म्हणून या पोस्टमधून दोन मागण्या करतो. ज्यांच्याकडे माळ्यावर जुना मिरजेचा तंबोरा पडून आहे (आणि आपल्याकडे असे पुष्कळ आहेत), त्यांनी तो गल्लीत नेऊन दुरुस्त करून एखाद्या शिकणाऱ्या मुलाला वापरायला द्यावा. भोपळ्याला चीर गेली असली तरी आधी कारागिराला दाखवा, टाकून देऊ नका. दुसरं, मिरज, सांगली, विश्रामबाग, कुपवाड यांपैकी कुठेही ज्यांच्या घरी चाळीस-पन्नास माणसं जमिनीवर बसू शकतील एवढी जागा आहे, त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. महिन्याला एक बैठक करू. सतरंज्या आणि चहाची सोय आम्ही बघू, तंबोरे लावायला गल्लीतलेच कुणीतरी येतील आणि त्यांच्याही कामाचे पैसे देऊ. पहिली बैठक कोणाची ते ठरलं आहे. काळी चार पट्टी, राग मारवा, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळेलाच सुरू करायला लागेल.