खिडकीपासून मागे व्हा

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास आमच्या इमारतीसमोरच्या गाळ्याला आग लागली. तिथे वेल्डिंगचं काम चालतं, आत सिलिंडर असतात, हे अख्ख्या परळला ठाऊक आहे. मी जिन्यात आलो तर प्रत्येक मजल्यावर माणसं खिडकीला चिकटलेली. हातात मोबाइल, आणि लहान मुलं सगळ्यांत पुढे, नीट दिसावं म्हणून. निवृत्तीनंतर मी इतक्या जोरात कधी ओरडलो नसेन. "खिडकीपासून मागे व्हा! काचेसमोर उभे राहू नका!" तिसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा मला म्हणाला, "काका, आग तर तिकडे आहे. इथे कुठे येतेय?"

अग्निशमन दल वेळेत आलं, काही फुटलं नाही. पण त्या पोराचं वाक्य डोक्यातून जात नाही. त्याचा काय दोष? स्फोट म्हणजे आग, आणि आग जिथे दिसते तिथेच धोका, हे त्याने जन्मल्यापासून पडद्यावर पाहिलंय.

मी २२ वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात होतो. खडकीला रंगरूट असताना रेंजवर पहिला चार्ज, म्हणजे स्फोटकाचा गोळा, उडणार होता, तेव्हा गावच्या जत्रेतल्या तंबू टॉकीजमधला नारिंगी लोळ डोळ्यांसमोर ठेवूनच मीही आडोशाला पडलो होतो. प्रत्यक्षात दिसली एक लख्ख चमक, तीही पापणी लवायच्या आत गेली. मग मातीचा करडा-काळा फवारा. त्याबरोबर कानठळ्या, आणि छातीवर कुणीतरी गुद्दा मारावा तसा धक्का. उस्तादांनी विचारलं, "आग दिखी?" आम्ही म्हटलं, "नहीं, उस्ताद." ते म्हणाले, "तो डरना किससे है, अब समझो." एवढंच बोलून ते पुढच्या तुकडीकडे गेले.

पडद्यावरचा लोळ हा बहुतेक वेळा पेट्रोलचा असतो. इंधन हवेत उधळतात आणि पेटवतात. ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत जळतं, म्हणून कॅमेऱ्याला सावकाश, फुललेलं दिसतं. हे काम करणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदर आहे, नटाला ओरखडा न येऊ देता ते हे दाखवतात. पण लष्करी स्फोटक हवेची वाट बघत नाही. लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच बांधलेला असतो. टीएनटीमधून स्फोटाची लाट सेकंदाला जवळपास ७ किलोमीटर वेगाने धावते, आरडीएक्समधून साधारण पावणेनऊ. म्हणजे सीएसएमटीपासून दादर एका सेकंदात. बाहेर हवेत आल्यावर ती लाट मंदावत जाते, तरी जवळच्या माणसाला वळून बघायलाही वेळ मिळत नाही. पाठीमागे लोळ फुलतोय आणि नायक पुढे उडी मारून वाचतोय, हे दृश्य मी पाहूच शकत नाही. घरातले टीव्ही बघत असले तरी मी उठून गॅलरीत जातो.

दुसरी उलटी समजूत अशी की बॉम्बला गोळी लागली, तो खाली पडला किंवा ठिणगी उडाली की लगेच धडाड. सैन्याला नेमकं याच्या उलट हवं असतं. जे स्फोटक ट्रकमध्ये खड्ड्यांवरून आदळत न्यायचं, ते आदळण्याने फुटून कसं चालेल? टीएनटी १८६३ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनवलं, ते पिवळा रंग म्हणून. हे स्फोटक आहे हे पुढे कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही, इतकं ते थंड. साधारण ८० अंशांना ते वितळतं, म्हणून वाफेवर पातळ करून तोफगोळ्यांत ओतता आलं. आपल्याकडच्या प्लॅस्टिक स्फोटकाला पीईके म्हणतात. त्यातला 'के' म्हणजे किर्की, आपली खडकी. कणकेच्या गोळ्यासारखं हाताला लागतं. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिक त्यांच्या अशाच स्फोटकाचे तुकडे पेटवून त्यावर डबे गरम करायचे. (धूर विषारी असतो, ते करणंही चूकच होतं.) डेटोनेटरचा, म्हणजे स्फोटक चेतवणाऱ्या छोट्या नळीचा, तीव्र झटका बसल्याशिवाय ते जागं होत नाही. म्हणून आमच्याकडे डेटोनेटर वेगळे ठेवायचे आणि स्फोटक वेगळं, हा पहिल्या दिवसाचा धडा.

पण हेच थंड स्फोटक ढिगाने, बंद जागेत, तासन् तास तापलं तर काय होतं, हे मुंबईइतकं कुणाला माहीत असावं? १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी दोनच्या सुमारास कापूस धुमसताना दिसला. ठिणगी उडाली आणि लगेच स्फोट, असं झालं नाही. दोन तास बंबवाले पाणी मारत होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर नोंद झाली. १२ किलोमीटरवरच्या खिडक्या फुटल्या. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा सांगतात, कारण गोदीत त्या वेळी नेमकी किती माणसं होती हे कुणी मोजलेलं नव्हतं. त्यात ६६ अग्निशमन दलाचे. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्यासाठी.

माझे आजोबा त्या गोदीत माल वाहायचे. त्यांची पाळी सकाळची होती, म्हणून ते वाचले. आजी माझगावला चाळीत होती. दुपारपासून गोदीवर धूर दिसतोय म्हणून पोराला कडेवर घेऊन ती खिडकीत उभी राहिली. तिच्या हनुवटीखालचा व्रण मी लहानपणी बोटाने चाचपायचो. तो आगीचा नव्हता, काचेचा होता. आग तिच्यापर्यंत कधी पोचलीच नाही.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या बंदरात ६ डिसेंबर १९१७ ला हेच झालं होतं. जळणारं दारूगोळ्याचं जहाज बघायला लोक खिडक्यांत जमले आणि शेकडोंचे डोळे काचांनी जखमी झाले.

शरीराच्या आत काय होतं ते तर कुणी दाखवतच नाही. दाबाची लाट हवा भरलेल्या जागा शोधते. कान, फुफ्फुसं, आतडी. अंगावर ओरखडा नसलेला माणूस आतून फुफ्फुसं फाटून जाऊ शकतो. बंद जागेत लाट भिंतींवरून परत येते आणि आणखी घातक होते. ११ जुलै २००६ ला लोकलच्या बंद डब्यांतून जे वाचले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे कानाचे पडदे फाटले होते. सिनेमात स्फोटानंतर दोन सेकंद शिट्टीसारखा आवाज येतो आणि नायक डोकं झटकून चालू लागतो. ज्यांचं ऐकणं गेलं ते गेलंच.

लोळ कधीच नसतो असं माझं म्हणणं नाही. १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडी पेटली तेव्हा आकाश लाल झालं होतं. १८ नौसैनिक गेले. त्या लाल आकाशाचा व्हिडिओ आजही कुणीतरी थरारक संगीत लावून पाठवतं. कृपा करून मला पाठवू नका.

हातबॉम्बबद्दल थोडंसं. पिन दातांनी ओढायला जाल तर दातच निघेल, ती इतकी घट्ट वाकवलेली असते. आणि साध्या हातबॉम्बने गाडी हवेत उडून पेटत नाही. धूर, धूळ आणि चहूकडे स्प्लिंटर, म्हणजे धातूचे तुकडे, एवढंच होतं. त्याचं काम तेच आहे. लाल वायर की निळी वायर हे तर विसराच. बॉम्बशोधक पथकाचं पहिलं काम म्हणजे माणसं लांब हटवणं, आणि ते कंटाळवाणं वाटेल इतकं सावकाश चालतं. १९९३ नंतर या शहरात किती जीव वाचले याचा विचार करताना मला तारा कापणारा कुणी आठवत नाही. मला मुंबई पोलिसांचा जंजीर आठवतो, तो लॅब्राडोर कुत्रा. नाक जमिनीला लावून त्याने हजारो किलो आरडीएक्स शोधून दिलं. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली होती.

आमच्याकडे एखादा चार्ज उडाला नाही, म्हणजे मिसफायर झाला, तर ठरलेला वेळ कुणीही जागचं हलायचं नाही असा नियम होता. घड्याळ बघत आडोशाला पडून राहायचं, आणि मग एकट्यानेच जायचं. माझ्या वाट्याला ते दोनदा आलं. चालत गेलेली ती शे-दीडशे पावलं मी अजून विसरलेलो नाही. त्यात एकही आवाज नाही, एकही ज्वाळा नाही, आणि त्याहून भीतीदायक काही मी आयुष्यात अनुभवलेलं नाही.

माझ्या मित्रयादीत गोरेगावला चित्रनगरीत काम करणारे पाच-सहा जण आहेत, त्यांना हे मुद्दाम सांगतो. तुमच्या पुढच्या सिनेमात लोळ हवा तर ठेवा. पण त्याआधी खिडकीत उभी असलेली एक बाई दाखवा, आणि तिला मागे ओढणारं कुणीतरी दाखवा. आतल्या भिंतीकडे, काचेपासून लांब, जमिनीला पालथं, कान झाकून. दहा सेकंदांचं दृश्य आहे. ते कसं घ्यायचं हे सांगायला मी सेटवर यायला तयार आहे. मानधन नको. फक्त आदल्या दिवशी कळवा, परळहून सकाळची गाडी पकडून येतो.