जॉर्जियातली शाई आणि एक प्रतिक्रिया

जॉर्जिया देशाच्या (राजधानी तिबिलिसी) 26 ऑक्टोबर 2024 च्या संसदीय निवडणुकीत मतपत्रिकेमागे शाई उमटून मताची गुप्तता धोक्यात आली, अशा माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलं आहे: "बाई, तुम्हाला तिबिलिसी नकाशावर तरी दाखवता येईल का? लोकांनी जॉर्जियन ड्रीमला निवडून दिलं, राष्ट्राध्यक्ष झुराबिश्विलींना ते पचलं नाही, एवढीच गोष्ट. कागदामागे शाई उमटली म्हणून कुणाचं मत चोरीला जातं का?"

आधी माझी चूक. जॉर्जियन ड्रीम या सत्ताधारी पक्षाला 150 पैकी 89 जागा मिळाल्या, मी 90 लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. आभार.

आता 'बाई'. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं मुलांनी मला याच नावानं हाक मारली, त्यात माया होती. तुमच्या वाक्यातली 'बाई' तशी नाही. मतभेद जरूर असावेत, पण विचारण्याची काही रीत असते. हाच लेख एखाद्या पुरुषानं लिहिला असता तर तुम्ही नकाशा काढला असता का? मनाला लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

आणि शाई. तिथं सुमारे 90 टक्के मतदारांसाठी पहिल्यांदाच मतमोजणी यंत्रं होती. पसंतीच्या पक्षासमोरचं वर्तुळ मार्करनं भरायचं आणि कागद यंत्रात सरकवायचा. कागद पातळ, शाई पाठीमागे उमटलेली. जॉर्जियन ड्रीमचा क्रमांक 41. ते वर्तुळ कागदावर कुठं येतं हे ठाऊक असलेल्याला एवढा ठिपका पुरे. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी त्यांच्या 24 टक्के निरीक्षणांत गुप्ततेला बाधा येऊ शकत होती असं नोंदवलं. तिथल्या टेट्रिट्स्कारो शहरातल्या न्यायाधीशांनी भर कोर्टात मार्करनं खूण करून पाहिली आणि 30 केंद्रांचे निकाल रद्द केले. वरच्या न्यायालयानं तो निर्णय फिरवला, हेही मी मूळ लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का?

मत चोरीला जात नाही, बरोबर. माणूस घाबरतो. 1998 च्या लोकसभेला मी मतदान अधिकारी होते, तेव्हा मतपत्रिका होत्या. आधी उभी घडी, मग आडवी, हे प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलं होतं. एक म्हातारी शिक्का मारून कागद तसाच उघडा धरून बाहेर आली. पेटीजवळच्या बाकावर एका उमेदवाराचा पोलिंग एजंट बसलेला, आणि म्हातारीचा मुलगा त्याच्याच शेतावर सालगडी. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कागद छातीशी घट्ट धरला. मी उठून मध्ये उभी राहिले, म्हटलं, "आजी, घडी घाला." तिचे हात थरथरत होते. तो चेहरा मला आजही दिसतो. जॉर्जियातही सरकारी नोकरांवर दबाव असल्याच्या तक्रारी निरीक्षकांच्या कानावर आल्या होत्या. अशा केंद्रावर नोकरी जपणाऱ्या शिक्षिकेनं वर्तुळ कुठलं भरायचं, सांगा. तिबिलिसी मी पाहिलेलं नाही. पण मतदान केंद्र तुम्ही फक्त मतदार म्हणून पाहिलं असाल, मी पेटीच्या बाजूनं पाहिलं आहे.

तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष झुराबिश्विलींना काय पचलं आणि काय नाही, त्यात मला पडायचं नाही. लेखाचा तो विषय नव्हता.

पुन्हा लिहायचं असेल तर शाईवर लिहा, उत्तर देईन. माझ्या भूगोलावर लिहिलंत तर नाही देणार.