मतदार यादीत नाव आपोआप यावं, आपोआप जाऊ नये

"कार्ड आहे की हो माझ्याकडं!" "कार्ड असू द्या काका, यादीत नाव नाही तुमचं." बूथबाहेरच्या टेबलावर दर निवडणुकीला हेच. मतदान कार्डावर होत नाही, यादीवर होतं, हे कित्येकांना त्या दिवशीच कळतं. तेव्हा काही करता येत नाही, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की निवडणूक होईपर्यंत यादीत नवं नाव घालता येत नाही.

आधी चुकीची नावं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यादीभागाची, म्हणजे एका बूथच्या यादीची, पीडीएफ उघडून बघा. गड्डम हे आडनाव इंग्रजीत टाइप झालं की सॉफ्टवेअर त्याचं कधी गद्दम करतं, कधी गडडम. यन्नमचं येन्नम, म्याकलचं मॅकल. मग एकाच घरातले बाप-लेक वेगळ्या आडनावाचे दिसतात आणि नावानं ऑनलाइन शोधलं तर काहीच सापडत नाही. म्हणून शोधायचं ते कार्डावरच्या दहा अक्षरी क्रमांकानं. कार्ड जुनं, 'एमटी' आणि तिरप्या रेघांचं असेल तर तोही उपाय खुंटतो. अशा वेळी आपल्या यादीभागाची अख्खी पीडीएफ उतरवून पान-पान चाळावं लागतं. त्यात पेठांमधल्या जुन्या घरांपुढे घर क्रमांक शून्य किंवा नुसती रेघ असली, की एकाच वाड्यातली माणसं चार पानांवर विखुरतात.

यापेक्षा मोठा घोळ स्थलांतराचा. शहरातल्या भाड्याच्या खोल्या सोडून हजारो विडी आणि यंत्रमाग कामगार कुंभारीच्या विडी घरकुलात गेले, अलीकडे तिथल्याच रे नगर वसाहतीत गेले. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. म्हणजे घर बदललं की विधानसभा मतदारसंघ बदलला आणि महापालिकेचं मतदानही सुटलं. गॅसचा, रेशनचा पत्ता माणूस धडपडून बदलतो, यादीतलं नाव मात्र जुन्या पेठेतच राहतं. मग निवडणूक तोंडावर आली की कुणीतरी कार्यकर्ता सगळ्यांचे फॉर्म ६ भरून घेतो. चूक नेमकी इथं होते. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. पत्ता बदलला, नावात दुरुस्ती हवी, कार्ड हरवलं, तर फॉर्म ८. स्थलांतर करणाऱ्यानं ६ भरला की जुनं नाव तसंच राहतं, नवं चढतं आणि माणूस 'दुबार' होतो. लग्न झालेल्या मुलींचं तर ठरलेलंच: माहेरी एक नाव, सासरी दुसरं. बोगस मतदार म्हणून आरडाओरडा होतो त्यातले बरेच 'बोगस' असे चुकीच्या फॉर्मातून जन्मलेले असतात. अर्थात फॉर्म ६ वर "माझं नाव आधी कुठंही नाही" अशी सही असते आणि खोट्या माहितीला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे. सही करणाऱ्याला हे कुणी वाचून दाखवत नाही.

आता मुद्द्याचं. १८ वर्षं पूर्ण झाल्याचं सरकारला आधीच माहीत असतं. बारावीच्या परीक्षेच्या अर्जात जन्मतारीख आहे, एमएच-१३ च्या लायसन्सवर आहे. तरी त्या मुलानंच पोर्टलवर जाऊन, ओटीपी घेऊन, फोटो चढवून फॉर्म भरायचा. का? २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या तारखेला १८ पूर्ण असले की नाव नोंदवता येतं, आणि १७ वर्षं पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. म्हणजे चौकट तयार आहे. या सरकारी नोंदींवरून आपोआप भरलेला फॉर्म ६ थेट बीएलओच्या (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) ॲपवर यावा, बीएलओनं घरी जाऊन खात्री करावी, सात दिवस हरकतीला ठेवावेत आणि नाव चढवावं. ज्याला नको त्यानं नाही म्हणावं. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यानं २०१६ पासून लायसन्सच्या माहितीवर हेच सुरू केलं. "पण नागरिकत्वाचं काय?" आजच्या फॉर्म ६ मध्येही नागरिकत्व मुख्यतः आपल्याच सहीच्या घोषणेवर चालतं. ती सही बीएलओसमोर घ्या.

जर्मनीचं उदाहरण मात्र जपून द्यावं. तिथं घर बदललं की पालिकेत नोंद करणं सक्तीचं आहे, म्हणून त्या नोंदीतून यादी बनते आणि मतदाराला घरपोच पत्र येतं. आपल्याकडं अशी नोंदच नाही, तर स्थलांतर आपोआप कळणार कुठून?

नाव काढणं यंत्रावर सोडायला माझा ठाम विरोध आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या नोंदी मतदार यादीसाठी वापरता येतात, केंद्रीय निवडणूक आयोगानं मे २०२५ मध्ये मृत्यूची माहिती थेट घेण्याचं जाहीरही केलं. चांगलंच आहे. पण दाखल्यावर 'लक्ष्मीबाई', यादीत 'लक्ष्मी', आणि त्याच गल्लीत तिसरी जिवंत लक्ष्मी. जुळवाजुळव सॉफ्टवेअरनं केली तर उडणार कोण? २०१८ ला तेलंगणात मतदानाच्या दिवशी इतकी नावं गायब निघाली की मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली. बिहारमध्ये २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली, ती कारणांसह प्रसिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. म्हणून यंत्रानं संशय दाखवावा, त्यापुढं नोटीस, घरी भेट आणि निर्णय माणसाचा.

महापालिकेच्या वेळी आणखी एक गैरसमज दिसतो. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत किंवा काढत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतो. त्यामुळं प्रभाग यादीवरच्या हरकतीत "चुकीच्या प्रभागात गेलो" हे चालतं, "नवीन नाव घाला" हे चालत नाही.

यादीत नावावर आडवा 'डिलिटेड' शिक्का दिसला तर घाबरून फॉर्म ६ भरायच्या आधी कारणाचं अक्षर बघा: ई म्हणजे मृत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. मग मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडं लेखी विचारा, नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवली होती आणि फॉर्म ७, म्हणजे नाव काढण्याचा अर्ज, कुणी दिला होता. आदेश झाल्यापासून पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं, तिथंही नाही झालं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं. अर्जाची पोच मात्र हातात घेऊनच तिथून निघा.