योहान डी विट ‘भ्रष्ट पंतप्रधान’ नव्हता

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला: “१६७२ साली डच जनतेने भ्रष्ट पंतप्रधानाला मारून खाल्लं. तेव्हापासून तिथे भ्रष्टाचार नाही. आपल्याकडे हे कधी होणार?” दहावीतली भाची हे वक्तृत्व स्पर्धेत सांगणार आहे म्हणे. आता गप्प बसवत नाही.

मेसेजमधला माणूस म्हणजे योहान डी विट, आणि तो पंतप्रधान नव्हता. १६५३ पासून तो हॉलंड प्रांताचा ग्रँड पेन्शनरी, म्हणजे प्रांताचा सर्वोच्च सल्लागार-अधिकारी होता. डच प्रजासत्ताकाचं परराष्ट्र धोरण मात्र तोच चालवायचा, त्यामुळे ही चूक सोडून देऊ.

पण भ्रष्ट? पुरावा काय? इंग्लंडशी १६५४ आणि १६६७ चे तह त्याच्या काळातले. फ्रान्सला आवरायला १६६८ मध्ये इंग्लंड आणि स्वीडनशी युती त्यानेच घडवली. मेल्यावर त्याची कागदपत्रं धुंडाळली गेली, लाचखोरीचं काही सापडलं नाही. आरमारापुढे त्याच्या राजवटीत पायदळाची हेळसांड झाली, हे खरं. १६७२ मध्ये फ्रेंच फौजा घुसल्यावर लोक खवळले ते त्यामुळे. पण हेळसांड म्हणजे चोरी नव्हे.

आणि “जनतेने”! ४ ऑगस्टला त्याने राजीनामा दिला होता. भाऊ कॉर्नेलिसवर विरोधी ऑरेंज घराण्याच्या राजपुत्र विल्यमच्या खुनाच्या कटाचा आरोप होता. छळ करूनही त्याने कबुली दिली नाही, तरी हद्दपारीची शिक्षा झाली. २० ऑगस्टला योहान त्याला न्यायला द हेगच्या तुरुंगात गेला. पहाऱ्यावरचं घोडदळ तिथून हलवलं गेलं आणि शहरातल्या नागरी पथकाच्या बंदूकधाऱ्यांनी दोघांना बाहेर ओढून मारलं. प्रेतं उलटी टांगली, अवयव कापून विकले. काहींनी मांस खाल्ल्याचं तेव्हाच्या लिखाणात आहे, तेवढा भाग निव्वळ थाप नाही.

याला न्याय म्हणणाऱ्यांनी त्याच शहरात राहणाऱ्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाचं ऐकावं. त्याने स्वतः लाइब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाला सांगितलं आणि लाइब्निट्सने ते टिपून ठेवलं: त्या रात्री मारेकऱ्यांना ‘रानटीतले अतिरानटी’ म्हणणारा फलक घटनास्थळी लावायला तो निघाला होता, घरमालकाने दार बंद करून त्याला अडवलं, नाहीतर त्याचेही तुकडे झाले असते. एका निर्दोष माणसाचा असा खून शाळेच्या व्यासपीठावरून आदर्श म्हणून सांगायचा?

“तेव्हापासून भ्रष्टाचार नाही” हे तर धडधडीत खोटं. कॉर्नेलिसवर कटाचा आळ घेणाऱ्या टिखेलार नावाच्या माणसालाच नंतर सरकारी पद मिळालं, मग हा भ्रष्टाचार नाही तर काय?